प्रिचर्ड निपल: रोडावलेल्या करडासाठी घ्यावं का?

लाल रबराचं टोक, खाली पिवळं प्लॅस्टिकचं झाकण आणि त्यात हवेसाठी बारीकशी झडप, इतकीच ही वस्तू. कोल्ड्रिंकच्या बाटलीवर फिरवून बसते. पाण्याच्या पातळ बाटल्यांवर मात्र बहुतेक वेळा आटे जुळत नाहीत, दूध गळतं. आई मेलेल्या किंवा तिळ्यांत मागे पडलेल्या करडासाठी तान्ह्या बाळाच्या बाटलीपेक्षा हे सरस; ते मऊ निपल करडू चावून फाडतं. वासराचं निपल तर त्याच्या तोंडात मावतच नाही.

पाकिटातून काढलं की टोक बंद असतं. विकणारे हे सांगत नाहीत, मग ‘दूधच येत नाही’ म्हणून लोक माल परत करतात. टोकाचा बाजरीच्या दाण्याएवढाच भाग कापा. बाटली उलटी धरल्यावर थेंब थेंब पडलं पाहिजे. धार लागली तर ते निपल बाद. अशक्त करडाला तेवढं भराभर गिळता येत नाही, दूध फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो. चोखताना बाटली चेपत गेली तर झडप सायीने तुंबली असं समजा. करडू ओढून ओढून दमतं आणि तोंड सोडून देतं. धुताना आधी गार पाणी, मग साबणाचं गरम पाणी. रबर उन्हात वाळवू नका, चिरा पडतात. जास्तीचं एक घरात असू द्या.

आता याची मर्यादा. हे चोखणाऱ्या करडासाठी आहे, मलूल पडलेल्यासाठी नाही. आधी तोंडात बोट घाला. तोंड गार लागलं, जीभ बोटाला धरत नसेल तर बाटली बाजूला ठेवा. गुदद्वारात थर्मामीटर लावा: 38.5 ते 39.5 सेल्सियस ठीक, 37 च्या खाली असेल तर दूध अजिबात नको, पचतच नाही. नुकतंच जन्मलेलं असेल तर पुसून, कोरड्या गोणपाटात गुंडाळून, फडक्यात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या लावून ऊब द्या. पण काही तासांपासून उपाशी असून मान टाकलेली असेल तर आधी डॉक्टरांकडून ग्लुकोज; नुसती ऊब दिली तर झटके येऊन करडू हातचं जातं. चोखता येत नसेल तर पोटात नळी घालणंही माहीतगारानेच करावं.

चोखायला लागलं की 2 किलोच्या करडाला 40 ते 50 मिली, दिवसातून 5-6 वेळा. नवजात असेल तर पहिल्या काही तासांत चीक हवाच. दूध शेळीचं उत्तम, नाहीतर गाईचं, अंगाइतकं कोमट. पाणी घालू नका, पोट भरतं पण अंगी लागत नाही. हगवण असेल तर ओआरएस वेगळं, दोन दुधांच्या मध्ये; दुधात मिसळलं तर पोटात दूध नीट विरजत नाही.

पाजताना करडू उभं किंवा छातीवर बसलेलं, मान कासेखाली असते तशी थोडी वर. पाठीवर झोपवून पाजू नका. नाकातून दूध आलं किंवा घशात घरघर झाली की लगेच थांबून डोकं खाली करा.

रोज एकाच वेळी स्प्रिंगच्या काट्यावर वजन घ्या. नीट पिऊनही दोन-तीन दिवस वजन हलत नसेल तर दोष निपलचा नाही. तीन आठवड्यांवरचं करडू असेल तर लेंड्या तपासायला द्या, कॉक्सिडिया (आतड्यातला डोळ्यांना न दिसणारा परजीवी) असू शकतो. चरायला जाणाऱ्याच्या खालच्या पापणीची आतली बाजू पांढरी दिसली तर रक्त पिणाऱ्या जंतांवर औषध लागेल, डोस वजनावर.