युरोमागे तीन रुपये जास्त

आधीच सांगते, मी अडाणी नाही. डॉर्टमुंडला डेटा सायन्समध्ये एमएस्सी करतेय. ओटीपी कुणाला देऊ नये, हे मीच अप्पांना शिकवलंय. तरीही १,८०० युरो घालवले आणि वर अप्पांचं कराडचं खातं गोठवून बसले.

इथे आलेल्या प्रत्येकाला हिशोब पाठ असतो. व्हिसासाठी आधीच भरून ठेवायच्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो, त्यातले महिन्याला ९९२ हातात. त्यातून खोलीचं भाडं, विमा आणि खाणं. हे १,८०० मात्र वर्किंग स्टुडंट म्हणून कमावलेले, सात महिने साठवलेले. कर्जाचं व्याज भरायचं होतं, अप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं.

पैसे घरी पाठवायला इथल्या भारतीय मुलांचे व्हॉट्सॲप ग्रुप असतात. एकाला युरो हवे, एकाला रुपये. तू इथे युरो दे, माझे घरचे तिकडे रुपये देतील. नोव्हेंबर २०२५ मध्ये युरोचा बाजारभाव १०२ रुपयांच्या आसपास होता, ग्रुपमधला एक पठ्ठ्या १०५ देत होता. शुद्ध पुणेरी मराठी, प्रत्येक वाक्यात "ताई". आधी २०० युरोंचा व्यवहार केला, तो चोख झाला. सीनियर्सही हेच करतात. मग मी काय वेगळं केलं?

वेगळं एवढंच की डोळे मिटले. त्याने दिलेला आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, "एलटी"ने सुरू होत होता, म्हणजे लिथुआनियाचं खातं. जर्मन खात्याचा "डीई"ने होतो, हे मला पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे. बँकेच्या ॲपने लाल पट्टीत स्पष्ट लिहिलं: खातेदाराचं नाव जुळत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना ही तपासणी सक्तीची आहे, ती अशाच वेळेसाठी. मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "ताई, फिनटेकचं, म्हणजे ॲपवरचं खातं आहे, तिथे नेहमीच लाल येतं." मी ट्राममध्ये उभी होते, एका हातात कॉफी. अंगठ्याने "तरीही पाठवा" दाबलं. तो अंगठा मला अजून दिसतो. इन्स्टंट ट्रान्सफर होती, दहा सेकंदांत गेली. ती मागे घेता येत नाही.

रुपये आले, हीच तर गंमत. पन्नास, चौऱ्याहत्तर आणि पासष्ट हजार, मिळून १,८९,०००, पण तीन वेगळ्या नावांवरून. अप्पांचा फोन आला, "अगं, हे ट्रेडर्स कोण? तिकडे कांद्याचा व्यापार सुरू केलास का?" मी हसले.

सहाव्या दिवशी खातं बंद. त्यातले ६५,००० दुसऱ्या राज्यात कुणाच्या तरी फसवणुकीतून निघालेले होते. वादातली रक्कम पासष्ट हजार, पण रोखलं अख्खं खातं. आधीचे ४,१२,३५० त्यातच. पेन्शन आत येते, बाहेर येत नाही. औषधं शेजारच्या काकांनी आणून दिली. आयुष्यभर शाळेत मास्तरकी केलेल्या माणसाला हे बघावं लागलं.

मग सुरू झाली टोलवाटोलवी. बँक म्हणते पोलिसांकडे जा. कराडचे पोलिस म्हणतात, आमचा गुन्हाच नाही. त्या राज्यातलं सायबर ठाणं म्हणतं समक्ष या. मोतीबिंदू असलेला माणूस नऊशे किलोमीटर जाणार कसा? सायबर हेल्पलाइनवर ऐकायला मिळालं, "तुमचे पैसे गेले नाहीत, आलेत." वादाच्या रकमेपुरतंच रोखा, असं केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्येच सांगितलंय. अप्पांनी निकालाची प्रिंट बँकेत नेली. साहेब म्हणाले, "ते केरळात." जर्मन पोलिसांनी ऑनलाइन तक्रार घेऊन नंबर दिला, नंतर पत्र आलं: आरोपी अज्ञात, तपास थांबवला. पत्राची भाषा मात्र इतकी सभ्य!

आणि मी तोंड वर करून भांडू तरी कसं? असा व्यवहार आपल्या फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्यात बसतच नाही. हे मला नंतर कळलं. त्याचा धंदा चालतो तो आपल्या याच लाजेवर.

चॅट २४ तासांत आपोआप पुसलं जाईल असं त्याने सेटिंग ठेवलं होतं. तेव्हाच स्क्रीनशॉट घ्यायला हवे होते, तुम्ही घ्या. घरच्या पेन्शनच्या खात्यात अनोळखी पैसा येऊ देऊ नका. आला तर खर्च न करता त्याच दिवशी बँकेला लेखी कळवा, पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कुणाला आठवत नाही. परवानाधारक ॲपमधून पाठवले असते तर पंधरा युरोंच्या आत काम झालं असतं. मी वाचवायला गेले होते ५,४०० रुपये.

कालच दुसऱ्या ग्रुपमध्ये तोच नंबर दिसला, फोटो नवा. भाव १०६. खाली मी "हा चोर आहे" लिहिलं. ॲडमिनने मला काढून टाकलं.