वर्गासाठी गेको मागवला आणि २०,३४९ रुपये घालवले

लिहू की नको असं चाललं होतं, कारण स्टाफरूममध्ये ऑलरेडी माझं नाव ‘पालवाली मॅडम’ पडलंय. पण ज्या माणसाने मला गेको, म्हणजे पाळायची एक पाल, देतो म्हणून फसवलं, परवा दुसऱ्या शाळेतल्या मैत्रिणीने मला त्याच माणसाचं पेज पाठवलं, ‘हा बरा वाटतोय गं, आम्ही वर्गासाठी कासव बघतोय’ म्हणून. डोकंच फिरलं. तर वाचा आणि आपापल्या शाळेच्या ग्रुपवर टाका.

एकूण गेले २०,३४९ रुपये. त्यातले ८,२०० पालकांची वर्गणी, बाकीचे माझ्या पगारातले. वर्गणीचे मी भरून दिलेत, कोणी विचारायच्या आधीच.

आणि अभ्यास न करता उडी मारली असं कृपया कोणी म्हणू नका. सातवीच्या वर्गात एखादा सरपटणारा प्राणी ठेवायचा ठरल्यावर मी कितीतरी वाचलं. कासव पहिल्यांदाच बाद केलं. बाजारात मिळणारं ते लाल पट्टीचं स्लायडर पिल्लू तळहातावर मावतं, पण पुढे ते २५-३० सेंटीमीटरचं होतं आणि वीस-तीस वर्षं सहज जगतं, म्हणजे आजची सातवी लग्नाला येईल तरी ते टाकीत पोहतंय, आणि कंटाळून लोक ते तळ्यात सोडतात तो वेगळा उपद्रव. शिवाय साल्मोनेला, म्हणजे कासवांच्या अंगावरून पोटात जाऊन जुलाब-ताप आणणारा जंतू. मुलं छोटी कासवं हातात घेतात, तोंडात घालतात, म्हणून अमेरिकेत चार इंचापेक्षा लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर १९७५ पासून बंदी आहे. पाच वर्षांखालच्या मुलांच्या वर्गात तर सरपटणारा कुठलाच प्राणी ठेवू नये. बालवाडीवाल्यांनी हा विषय इथेच सोडा, मासे पाळा.

मधे एकाने ‘लकी तारा कासव’ २,५०० ला देतो म्हणून मेसेज केला होता. त्याला मी ताबडतोब ब्लॉक केलं. तारा कासव वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची एकमध्ये आहे, सापडलात तर कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ७ वर्षं आत. म्हणजे अगदीच काही बावळट नव्हते मी.

सापाला पालक तयार होणार नव्हते. राहिला लेपर्ड गेको. लहान, शांत, १५-२० वर्षं जगतो, मोठी टाकी लागत नाही, खालून गरम होणारी मॅट आणि तापमान आवरणारा थर्मोस्टॅट असला की बऱ्यापैकी भागतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याच्या बोटांना इतर पालींसारखी चिकटणारी गादी नसते त्यामुळे तो काचेवर चढत नाही, एखाद्या कार्ट्याने झाकण उघडं ठेवलं तरी भिंतीवर पळणार नाही. हा मुद्दा मी स्वतः मुख्याध्यापिकाबाईंना लिहून दिला होता. लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

(जिवंत किडे खायला घालावे लागतात हे त्यात जरा बारीक अक्षरात लिहिलं होतं. आणि तो दिवसभर झोपतो, म्हणजे शाळेच्या वेळात मुलांना दिसणार काय तर शेपटी. असो.)

आता तो माणूस. त्याने पैशाचं नाव आधी काढलंच नाही. मुलं कितवीतली, रविवारी खायला कोण घालणार, मे महिन्यात प्राणी कुणाकडे जाणार, असे प्रश्न उलट त्यानेच मला विचारले. शेपटी धरून उचललं तर शेपटी सोडतो, मुलांना शिकवा, म्हणाला. हात लावल्यावर साबणाने हात धुवायला सांगा म्हणाला. इतकी काळजी करणारा माणूस चोर असेल असं कुणाच्या मनात येईल? आता कळतंय की हे सगळं कुठल्याही माहितीपत्रकात छापलेलं असतं आणि वाचता चोरालाही येतं.

मी म्हटलं व्हिडिओ पाठवा. त्याने पाठवला. पिवळा, ठिपक्यांचा, गोड चेहरा, क्लोजअप. आणि शेवटी दोन-तीन सेकंद प्राणी लांबून दिसतो, पेटीच्या उभ्या काचेवर, चारी पाय चिकटवून, वर चढतोय. काचेवर. लेपर्ड गेको. मी विज्ञान शिकवते हो! तो व्हिडिओ मी वर्गात दाखवला, पालकांच्या ग्रुपवर टाकला, सगळ्यांनी बदाम पाठवले, आणि दोन वेगवेगळ्या प्राण्यांच्या क्लिपा जोडल्यात हे एकाच्याही लक्षात आलं नाही. वर्गातली एक मुलगी म्हणाली होती, मॅडम हा चढतोय की. मी म्हटलं गप्प बस, पुढे बघ. रात्री अजून आठवतं ते. पण मोबाईलच्या एवढ्याशा स्क्रीनवर, मधल्या सुट्टीच्या गोंगाटात, कोण बघतं पायाची बोटं?

त्यामुळे पहिलं: तयार व्हिडिओ घेऊच नका. व्हिडिओ कॉल करा, आणि प्राण्याशेजारी तुमच्या शाळेचं नाव लिहिलेला कागद धरायला लावा. टाळाटाळ केली की फोन ठेवा.

पैसे असे गेले. बुकिंग ३,०००. मग मॅट-थर्मोस्टॅटचा सेट ४,८५०, कारण ‘बाहेर डुप्लिकेट मिळतं’. मग प्राणी निघाला म्हणून मेसेज आला, आणि लगेच कुरिअरवाला म्हणवणाऱ्या दुसऱ्याच माणसाचा फोन की तापमान राखणारा बॉक्स लागतो, ७,५०० डिपॉझिट, डिलिव्हरीला परत. परत मिळणारे म्हणून भरले. परत मिळणारं डिपॉझिट हा शब्द ऐकला की समजा गेले. मग ४,९९९ ‘सायटीस परमिट’ची फी (सायटीस म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार), सोबत शिक्का मारलेली पीडीएफ.

अहो, सायटीसचं परमिट आंतरराष्ट्रीय व्यापारासाठी असतं! भारतातल्या भारतात एका गावाहून दुसऱ्या गावाला पेटी यायला ते लागेल कशाला? आणि सायटीसच्या यादीतला परदेशी प्राणी पाळायचा असेल तर त्याची नोंदणी २०२४ च्या नियमांप्रमाणे पाळणाऱ्याने स्वतः सरकारच्या परिवेश पोर्टलवर करायची असते, कुणाच्या खासगी क्यूआर कोडवर नाही. त्याआधी हाच माणूस छातीठोकपणे सांगत होता की परदेशी प्राणी आहे, कायदा लागतच नाही. लेपर्ड गेकोचा मूळ प्रदेश अफगाणिस्तान-पाकिस्तानपासून आपल्या वायव्य भागापर्यंत येतो, त्यामुळे ‘परदेशी’ हे उत्तरच अर्धवट. वनविभागाला लेखी विचारा, लेखी उत्तर घ्या, मगच विकणाऱ्याशी बोला.

शेवटी १२,००० मागितले. नाही दिलेत तर अर्धवट परमिटमुळे शाळेवर वन्यजीवची केस होईल. तिथे मी थांबले, पण खोटं कशाला बोलू, ती रात्र घाबरून काढली.

आता पुढची गंमत. बँकेत गेले. पिन तुम्हीच टाकलाय ना मॅडम, मग आम्ही काय करणार. पोलीस ठाण्यात दीड तास बसवलं, आणि साहेब हसत म्हणाले, पालच पाहिजे होती तर आमच्या लॉकअपमधून फुकट न्यायची, आहेत चार-पाच. सगळं ठाणं हसलं. मग म्हणे हा वन्य प्राण्याचा विषय आहे, वनविभागात जा. वनविभागात गेले तर ते म्हणाले प्राणी कुठाय? प्राणीच नाही तर आमची केस कसली, ही फसवणूक, पोलिसांकडे जा. वर तिथल्या क्लार्कने मलाच दम दिला की असले प्राणी मागवता कशाला, तुमच्यावरच कारवाई होईल. म्हणजे चोर मोकळा आणि पाल न मिळालेली बाई आरोपी. परत ठाण्यात, तर ते साहेब बंदोबस्ताला. अर्ज ठेवून जा. अर्जावर पोच मागितली तर असं बघितलं जसं काही मीच त्यांच्याकडे १२,००० मागितले. एकानेही पैसे गेलेल्या बँक खात्याचा नंबर लिहून घ्यायची तसदी घेतली नाही, जो मी प्रिंट काढून, हायलायटरने रंगवून नेला होता!

आणि या पळापळीत वेळ गेला. म्हणून सांगते, ठाण्यात जायच्या आधी, पैसे गेल्याचं कळताक्षणी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, लागेपर्यंत करा, आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाका. चोराने पैसे काढून घ्यायच्या आत कळवलं तर गोठवता येतात. मी हे सगळं फिरून आल्यावर केलं, तोवर खातं रिकामं.

चॅट डिलीट करू नका, रागाने त्याला ब्लॉकही करू नका, आधी सगळे स्क्रीनशॉट काढा. प्रत्येक पेमेंटचा यूटीआर नंबर, म्हणजे बँकेचा व्यवहार क्रमांक, वहीत लिहा. वर्गणी काढून तर प्राणी घेऊच नका, पैशाबरोबर तोंड दाखवायची पण पंचाईत होते.

त्याचं पेज अजून चालू आहे, फक्त नाव बदललंय आणि आता कासवंसुद्धा ठेवलीत. तुमच्यापैकी कोणाचे पैसे तिथे गेले असतील तर नुसतं ‘आमचंही असंच झालं’ म्हणू नका, आपापल्या यूटीआर नंबरसकट स्वतंत्र तक्रार करा आणि त्यात पैसे ज्या खात्यात गेले त्याचा तपशील टाका. माझी एकटीची तक्रार ‘तपास सुरू आहे’वरच अडकलीये.