ऑफिसमध्ये राजकारण-धर्मावर कसं बोलायचं याचं वर्कशॉप केलं, माझा अनुभव

आमच्या टीमने एका बाहेरच्या ट्रेनरकडून अर्ध्या दिवसाचं वर्कशॉप करून घेतलं, विषय कामाच्या ठिकाणी राजकारण आणि धर्म यावर बोलणं. मी टीम लीड आहे, टीममध्ये १४ जण, आणि हे वर्कशॉप मीच मागितलं होतं. निवडणुकीच्या दिवसांत आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी एक फॉरवर्ड टाकला, त्यावर दुसऱ्याने तिखट उत्तर दिलं, मग विषय एकदम धर्मावर गेला, आणि दोनच दिवसांत चार वर्षं शेजारी बसून काम करणारे दोघं एकमेकांशी फक्त मेलवर बोलायला लागले, तेही मला सीसीमध्ये ठेवून. कामं अडायला लागली तेव्हा म्हटलं आता काहीतरी करायलाच पाहिजे.

सगळ्यात चांगला भाग पहिल्याच तासात झाला. सगळ्यांना कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या, नाव टाकायचं नाही, फक्त लिहायचं की ऑफिसमध्ये कधी बोलावंसं वाटलं पण गप्प बसलात. मला वाटलं दोन-तीन चिठ्ठ्या येतील, आल्या ९. आणि त्यातल्या दोन माझ्याबद्दल होत्या. एकीत लिहिलं होतं, "लीड पक्षाबद्दल बोलायला लागले की आपण मान डोलवायची, अप्रेझल त्यांच्याच हातात आहे." हे वाचून खूप वाईट वाटलं. मी कुणावर कधी काही लादलं नव्हतं, जेवताना सहज बोलायचो आणि समोरचे हो म्हणायचे म्हणून मी समजत होतो की यांनाही तसंच वाटतं. ट्रेनरने त्यावर भाषण दिलं नाही, एवढंच म्हणाल्या की ज्याच्या सहीवर पगारवाढ आहे तो सहज काही बोलला तरी ऐकणारा ते सहज ऐकत नाही. या एका तासासाठीसुद्धा मी हे वर्कशॉप कुणालाही सुचवेन.

मग "सरळ बंदीच घाला ना" हा प्रश्न आला, आणि खरं सांगतो, मी त्याच विचाराने गेलो होतो. त्यावर त्यांनी बेसकॅम्प या सॉफ्टवेअर कंपनीची गोष्ट सांगितली. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्यांनी कंपनीच्या सिस्टिमवर सामाजिक आणि राजकीय चर्चा बंद केली आणि ज्यांना पटत नाही त्यांना पैसे घेऊन बाहेर पडायची मुभा दिली, काही दिवसांतच जवळपास एक तृतीयांश लोक निघून गेले. मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते हे की आधी तिथे वाद पेटला होता तो ग्राहकांच्या "मजेशीर" नावांच्या एका यादीवरून, जी ऑफिसमध्ये वर्षानुवर्षं फिरत होती. म्हणजे कुणाच्या तरी नावावर हसणं चाललं होतं, त्यावर कुणीतरी बोललं, आणि शेवटी बंदी आली ती बोलण्यावर. तरी ट्रेनरनी बंदी चूकच असं म्हटलं नाही, कॉइनबेस या क्रिप्टोकरन्सीच्या खरेदी-विक्रीच्या कंपनीने २०२० मध्ये असंच धोरण आणलं तेव्हा ६० जण म्हणजे साधारण ५ टक्केच गेले हेही सांगितलं, निर्णय आमच्यावर सोडला.

धर्माचा भाग वेगळा घेतला हे फार बरं केलं. राजकारण माणूस घरी ठेवून येऊ शकतो, निदान आठ तास तरी, पण धर्म बऱ्याच जणांच्या अंगावर असतो, कपड्यात असतो, सुट्टीच्या अर्जात असतो, तिथे "विषयच नको" म्हणणं म्हणजे काहींना अर्धं लपवून यायला सांगणं. इथे एक्सरसाइज होता दोन केसेसचा. ब्रिटिश एअरवेजच्या नादिया एवेडा यांना गळ्यातला क्रॉस दिसेल असा घालायचा होता आणि नर्स शर्ली चॅप्लिन यांनाही तेच हवं होतं. आमच्यातल्या बहुतेकांनी दोघींना एकच उत्तर दिलं. पण युरोपियन मानवी हक्क न्यायालयाने २०१३ मध्ये एकाच निकालात एवेडा यांच्या बाजूने कौल दिला आणि चॅप्लिन यांच्या विरुद्ध, कारण वॉर्डमध्ये साखळीमुळे पेशंटला किंवा नर्सला इजा होऊ शकते, विमान कंपनीकडे असं कारण नव्हतं. श्रद्धा तीच, काम वेगळं. यावर आमच्याकडे अर्धा तास चर्चा चालली आणि आवाज कुणाचाच चढला नाही, इतक्या दिवसांत हे पहिल्यांदा झालं.

आता जे आवडलं नाही ते. व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त दहा मिनिटं दिली, आमचं भांडण तर तिथेच झालं होतं, आणि ग्रुप ऑफिसचा धरायचा की खाजगी, रात्री ११ ला आलेल्या मेसेजचं काय, यावर नीट काहीच मिळालं नाही. स्लाइड सगळ्या परदेशी कायद्याच्या, आपल्याला कुठला नियम लागू होतो हे आपणच एचआरला विचारायचं. आणि लीड आणि टीमला एकत्र बसवलं हे मला चुकीचं वाटतं, चिठ्ठ्या निनावी असल्या तरी माझ्यासमोर वाचल्या गेल्या तेव्हा एक-दोघांचे चेहरे उतरलेले मी बघितले. लीडचा वेगळा तास आधी घ्यायला हवा होता.

त्या दोघांचं पूर्वीसारखं झालेलं नाही अजून, पण सीसीचे मेल थांबलेत आणि परवा एकाने दुसऱ्याच्या टेबलाशी जाऊन फाइल मागितली. मी जेवताना राजकारणावर बोलणं बंद केलंय, आणि टेबलावर आता काही जण बोलतात जे आधी कधी बोलायचे नाहीत. पाचपैकी चार स्टार देतो. घेणार असाल तर समोरासमोरचंच घ्या, या चिठ्ठ्या ऑनलाइन कुणी भरणार नाही, आणि फोनवरच्या ग्रुपसाठी जास्त वेळ आधीच मागून ठेवा.