साठ रेकॉर्डर आणि चौथं-पाचवं भोक

रेकॉर्डरच्या, म्हणजे शाळेत शिकवतात त्या बासरीसारख्या फुंकवाद्याच्या, खरेदीत शाळा फसते ती एप्रिलमध्ये, आणि ते तिच्या लक्षात येतं दिवाळीच्या तोंडावर. मधल्या सहा महिन्यांत पैसे चुकते झालेले असतात, खोकी रद्दीत गेलेली असतात आणि विक्रेता फोनवर म्हणतो, "सर, तेव्हाच सांगायचं ना." पुढचा हिशेब एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेचा आहे. पाचवीच्या दोन तुकड्या, ६० नग, पैसे पालकांकडून जमा केलेले. विक्रेत्याचं नाव इथे देत नाही. त्याची पद्धत कळली की पुरे, कारण ती एकट्या त्याची नाही.

नमुना म्हणून आलेला एक रेकॉर्डर उत्तम होता. एबीएस या प्लास्टिकचा, तीन तुकड्यांचा, बरोक बोटांचा (बोटं ठेवायच्या दोन पद्धती असतात, बरोक आणि जर्मन), सुरात. दर बाजारभावाच्या निम्म्याच्या आसपास, "शाळेसाठी खास". नमुना पसंत पडल्यावर प्रतिनिधी "लॉट याच्याशी जुळवून घेतो" म्हणून तो परत घेऊन गेला. फसवणूक खरं तर इथेच पूर्ण झाली, कारण त्यानंतर शाळेकडे तुलनेला काहीच उरलं नाही. माल वार्षिक परीक्षा संपता संपता आला. शिपाईकाकांनी खोकी मोजून सही केली आणि ती संगीताच्या कपाटात गेली. चलनावर बारीक अक्षरात "तक्रार ७ दिवसांत" असं होतं. शाळा उघडली जूनच्या मध्यावर. बिलावर शब्द होते "प्लॅस्टिक फ्लूट, ६० नग". रेकॉर्डर हा शब्द कुठेच नाही, बरोक तर नाहीच.

मग जूनमध्येही का कळलं नाही? कारण रेकॉर्डर शिकवण्याचा क्रमच असा आहे. पहिले तीन स्वर बी, ए, जी. ते फक्त अंगठा आणि डाव्या हाताच्या तीन बोटांवर येतात, आणि जर्मन असो वा बरोक, दोन्ही रेकॉर्डरांवर बोटं तीच. पुढे वरचा सी आणि डी, मग उजव्या हाताने खालचे ई आणि डी. इथपर्यंतही दोन्हींत फरक नाही. आठवड्याला एक तास असेल तर एवढं होईपर्यंत सप्टेंबर उजाडतो. त्यानंतर एफ येतो, आणि अर्धा वर्ग बेसूर होतो.

बरोक रेकॉर्डरवर एफसाठी अंगठा आणि वरची चार भोकं झाकायची, पाचवं उघडं ठेवायचं, सहावं-सातवं पुन्हा झाकायचं. याला काट्याची बोटं म्हणतात आणि मुलांना ती सुरुवातीला जडच जातात. जर्मनीत १९२०च्या दशकात वाद्य बनवणारे पीटर हार्लान यांनी ही अडचण दूर करायला भोकांची मापं बदलली. त्यामुळे अंगठा आणि वरची चार बोटं ठेवली की सरळ एफ येतो. सी मेजरचं, म्हणजे सीपासूनच्या साध्या स्वरांचं, सप्तक एकेक बोट उचलत वाजतं. किंमत मोजावी लागली ती एफ शार्पला, म्हणजे एफच्या अर्धा स्वर वरच्या स्वराला. तो जर्मनवर अडचणीचा होतो आणि बहुधा सुरात बसत नाही. जी मेजरमध्ये एफ शार्प लागतोच, त्यामुळे त्यातली साधी गाणीही मग खटकतात. जर्मन पद्धत स्वतः खोटी नाही, जर्मनीत ती आजही शाळांत दिसते. पण तीस मुलांच्या वर्गात दोन्ही मिसळली की फळ्यावर लिहिलेला एफ निम्म्यांना चुकीचा ठरतो. जर्मनची बोटं बरोकवर लावली तर स्वर एफ आणि एफ शार्पच्या मधे कुठेतरी चढतो. बरोकची बोटं जर्मनवर लावली तर तो खाली उतरतो. मुलं बोटं बरोबर ठेवतात आणि ओरडा खातात.

या लॉटमध्ये ६० पैकी ३४ बरोक आणि २६ जर्मन निघाले. बोटांचा तक्ता मात्र साठही पाकिटांत बरोकचाच होता.

ओळखायला वाजवावंही लागत नाही. रेकॉर्डर समोरून धरा, तोंडाकडून भोकं मोजा, अंगठ्याचं मागचं सोडून. चौथ्यापेक्षा पाचवं मोठं असेल तर बरोक. पाचवं चौथ्यापेक्षा लहान असेल तर जर्मन. टेबलावर दहा-दहाच्या रांगा लावल्या तर साठ नग अर्ध्या तासात होतात, आणि संगीत न येणारा माणूसही हे करू शकतो. यामाहाचं उदाहरण घ्या: वायआरएस-२३ हे जर्मन, वायआरएस-२४बी हे बरोक. दोन्ही हस्तिदंती रंगाचे, दोन्ही तीन तुकड्यांचे, हातभर अंतरावरून एकसारखे. ऑनलाइन पानाच्या मथळ्यात एक क्रमांक आणि फोटोत दुसराच नग असं सर्रास असतं, म्हणून मथळा वाचून ऑर्डर देऊ नये. (नुसतं "रेकॉर्डर" शोधलं तर आवाज टिपायची यंत्रं येतात ती वेगळीच.) सहा भोकांची, मागे अंगठ्याचं भोक नसलेली रंगीत नळीही रेकॉर्डर म्हणून खपते. ती खेळण्यातली शिट्टी आहे, तिच्यावर कोणतंही रेकॉर्डरचं पुस्तक चालणार नाही.

दुसरा दोष कानाने कळतो, पण गर्दीत लपतो. सोप्रानो, म्हणजे शाळेत वापरतात त्या छोट्या, रेकॉर्डरचा ए म्हणजे ८८० हर्ट्झ. दोन नगांत २० सेंटचा, म्हणजे अर्ध्या स्वराच्या पाचव्या हिश्श्याचा फरक असला, तरी एकत्र वाजवताना सेकंदाला दहाएक ठोके थरथरतात. शिक्षकांना वाटतं मुलं जोरात फुंकतात. फुंकतातही, कारण स्वस्त नगात हवेची फट रुंद असते किंवा तिच्यात साच्याची कड राहिलेली असते, आणि हवा फटीसमोरच्या धारेवर नीट आदळत नाही. जोरात फुंकलं की स्वर आणखी चढतो. दोष साच्याचा, बोलणी मुलांना.

तपासणी फोनवरच्या ट्यूनरने होते. आधी रेकॉर्डरचा वरचा तुकडा मुठीत दोन मिनिटं धरून कोमट करा. थंड नग उतरलेला वाजतो. आरशावर वाफ धरतो तितक्याच फुंकरीने जी, ए, बी घ्या, मग खालचा डी आणि सगळ्यात खालचा सी. बरेच शालेय रेकॉर्डर ए = ४४२ला (हा एक सप्तक खालचा ए, हर्ट्झमध्ये) जुळवलेले असतात, म्हणून ४४०वर ठेवलेला ट्यूनर ते आठेक सेंट चढे दाखवतो. त्याने घाबरू नये, ट्यूनर ४४२वर ठेवावा. शिवाय मे महिन्याच्या तापलेल्या खोलीत सगळेच थोडे चढतील. म्हणून एकेका नगाचा आकडा बघण्यापेक्षा नगा-नगांतली तफावत बघा. चांगल्या लॉटमध्ये काटा जवळपास एकाच जागी येतो. इथे ११ नग बाकीच्यांपासून २५ सेंटहून जास्त भरकटलेले होते, आणि त्यातले सात खाली. चढा असलेला नग वरचा सांधा एक-दोन मिलिमीटर ओढून उतरवता येतो (वरचे स्वर जास्त उतरतात, खालचे कमी, तेही लक्षात ठेवावं). उतरलेल्याला चढवायचा उपाय नाही.

खालचा सी नुसता फुसफुसतो तेव्हा सांधा गळत असतो. पाऊल, म्हणजे सगळ्यात खालचा तुकडा, किंचित फिरवून, सांध्याला थोडं ग्रीस लावून पाहावं. तरी येत नसेल तर तो नग परत. वरचा ई किंवा त्यावरचे स्वर अंगठ्याने भोक अर्धवट उघडून येतात. अनुभवी हाताकडूनही ते किंचाळले तर अंगठ्याचं भोक किंवा धार बिघडलेली आहे. चोचीवर, म्हणजे फुंकायच्या टोकावर, दातांच्या खुणा दिसल्या तर माल वापरलेला आहे, "पॅकिंगमध्ये घासलं" हे उत्तर मानू नये.

"एबीएस" म्हणून पॉलिप्रॉपिलीन दिलं असेल तर तेही घरच्या घरी कळतं. खालचा तुकडा काढून पाण्यात बुडवा, आतले बुडबुडे झटका. पॉलिप्रॉपिलीन तरंगतं, एबीएस बुडतं. मात्र ठिसूळ पॉलिस्टायरीनही बुडतं, म्हणून बुडाला तो चांगला असं समजू नये. तरंगला तो एबीएस नव्हे, एवढंच खात्रीने म्हणता येतं. आणि धुताना कोमट साबणाचं पाणीच वापरावं. उकळत्या पाण्यात हवेची फट वाकते आणि मग विक्रेत्याला आयतं कारण मिळतं.

ऑर्डरच्या कागदावर हे शब्द हवेत: सोप्रानो रेकॉर्डर, सी स्वराचा, बरोक बोटांचा, समोर सात आणि मागे एक भोक, खालची दोन भोकं दुहेरी, तीन तुकडे, एबीएस, सर्व नग एकाच मॉडेलचे, मॉडेल क्रमांक अमुक. बिलावर आणि चलनावरही हेच शब्द आग्रहाने घ्यावेत. नमुना परत द्यायचा नाही. पिशवीत घालून दोघांच्या सह्यांनी लाखबंद करायचा, समोरच्या भोकांचा पट्टीसकट फोटो काढायचा आणि शेवटचा हप्ता दिल्यावरच पिशवी उघडायची. पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नये. चलनावर सही करताना "खोकी मोजून घेतली, मालाची तपासणी बाकी" असं हाताने लिहावं. एप्रिलमधली डिलिव्हरी घ्यायचीच असेल तर संगीत शिक्षकांना सुट्टीआधी एक दुपार द्यावी, नाहीतर डिलिव्हरी जूनमध्येच मागावी. जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकून पाहायला एक मिनिट लागतं: १५ अक्षरं, महाराष्ट्राचा असेल तर सुरुवात २७ने, गोव्याचा असेल तर ३०ने. आयात मालाच्या पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश आणि एमआरपी छापलेली असते. साध्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले साठ नग आले तर तिथेच थांबावं.

आगाऊ पैसे ऑनलाइन घेऊन माणूस गायबच झाला तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३०वर, लगेच, त्याच दिवशी फोन करावा. माल आला पण चुकीचा, तर आधी लेखी नोटीस, सोबत भोकांचे आणि ट्यूनरचे फोटो, मग ग्राहक हेल्पलाइन १९१५. ग्राहक आयोगात जायची मुदत दोन वर्षं आहे, चलनावरच्या सात दिवसांनी ती संपत नाही. या शाळेला बोलणी करून ११ बेसूर नग बदलून मिळाले. बदलीचे सगळे बरोक आले, आणि परत गेलेल्या ११ पैकी ४ जर्मन होते, म्हणून आता ३८ बरोक आणि २२ जर्मन आहेत. जर्मनच्या पावलाला लाल टेप गुंडाळली आहे, ते सगळे एकाच तुकडीला दिले आहेत, आणि त्या तुकडीच्या वर्गात भिंतीवर वेगळा तक्ता लावला आहे. त्या तुकडीत ३० मुलं आहेत. उरलेल्या आठ जणांना तासाला दुसऱ्या तुकडीबरोबर बसवतात.