गेमिंग लॅपटॉप ९ महिने वापरून (गुहागर): गेम अडकतो तेव्हा दरवेळी नेटच खराब असतं असं नाही

गेल्या ऑक्टोबरात घेतला, आता जून संपत आला. म्हणजे थंडी, मे महिन्याचा उकाडा आणि पहिला पाऊस, तिन्ही बघून झालंय, म्हणून आता लिहितोय. आय५ १२४५०एच प्रोसेसर, आरटीएक्स ३०५० चं ४ जीबीवालं ग्राफिक्स कार्ड, ८ जीबी रॅम, १४४ हर्ट्झचा स्क्रीन. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण मला जे भोगावं लागलं ते आमच्या किनाऱ्यावर या रेंजमधल्या कुठल्याही लॅपटॉपचं होऊ शकतं. खेळतो व्हॅलोरंट, अधूनमधून सीएस२ (दोन्ही ऑनलाइन, टीमने खेळायचे गोळीबाराचे गेम).

पहिले तीन-चार महिने मशीन अगदी सुरेख चाललं. मग फेब्रुवारीत सुरू झालं. पहिली १०-१२ मिनिटं गेम लोण्यासारखा, १५० च्या वर एफपीएस (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा), आणि मग समोर माणूस आला की नेमकं तेव्हाच चित्र अडकणार, एफपीएस ४० वर, पाच-सहा सेकंदांनी परत वर, परत खाली. टीममधली पोरं म्हणायची नेट बदल, मामेभाऊ म्हणाला विंडोज खराब झालंय, दुकानात नेला तर त्यांनी ५०० रुपये घेऊन फॉरमॅट मारून दिला आणि घरी आल्यावर पंधराव्या मिनिटाला तेच. महिनाभर मी नेटवाल्याला फोन करत होतो, त्याची काही चूक नव्हती.

मला जे कुणी आधी सांगायला हवं होतं ते हे: गेमच्या सेटिंगमध्ये एफपीएस आणि पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद) दोन्ही स्क्रीनवर चालू करून ठेवा आणि अडकेल तेव्हा कुठला आकडा हलतो ते बघा. पिंग जागेवर असताना एफपीएस पडला तर आजार मशीनमध्ये आहे, एफपीएस जागेवर आणि पिंग उड्या मारतोय तर नेटमध्ये. माझा पिंग मुंबई सर्व्हरवर तिशीत होता, हलतच नव्हता, पडत होता तो एफपीएस. मग एचडब्ल्यूइन्फो नावाचं तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं, फुकट आहे, मागे चालू ठेवून खेळलो. सीपीयू ९९-१०० डिग्री, आणि थर्मल थ्रॉटलिंगच्या ओळीपुढे 'येस'. या प्रोसेसरची मर्यादाच १०० आहे, तिथे पोचला की तो जळू नये म्हणून स्वतःचा वेग कमी करतो. टास्क मॅनेजरमध्ये ४ गिगाहर्ट्झच्या आसपास असणारा आकडा १ वर आलेला स्वतःच्या डोळ्यांनी बघितला.

एवढा कशामुळे तापतो, हे खालचं झाकण उघडल्यावर कळलं. शेजारी जानेवारीपासून घराचं काम चाललंय, चिरे तासायचे ते आमच्या पडवीसमोर. पंखा आणि त्याच्यापुढच्या तांब्याच्या बारीक जाळीमध्ये त्या जांभ्याच्या लाल धुळीचा थर बसला होता, आणि खारट दमट हवेने तो नुसता सुटा नाही, ओल्या बनातीसारखा घट्ट. चिमट्याने धरून ओढला तर अख्खी पट्टी निघाली, बोटभर लांब. हवा जाणार कुठून? खालच्या दोन स्क्रूंवर गंज पण चढलेला, चार महिन्यांत. साफ करताना पंख्याचं पातं काडीने अडवून धरा, ब्लोअरच्या हवेने गरगर फिरू देऊ नका, बेअरिंग जातं. आणि वॉरंटीत असेल तर उघडायच्या आधी सर्व्हिस सेंटरला विचारा, मी विचारलं होतं. प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट पण बदलली. त्याच संध्याकाळी दोन तास खेळलो, ८४ च्या वर गेला नाही, एफपीएस एकदाही शंभरच्या खाली नाही. खरं सांगतो, इतका आनंद लॅपटॉप घेतला त्या दिवशी पण झाला नव्हता.

मे महिन्यात मात्र दुपारी परत ९५ ला जायला लागला, तेव्हा गेममध्ये एफपीएस १२० वर बांधला आणि विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरचं मॅक्सिमम १०० चं ९९ टक्के केलं, त्याने टर्बो (प्रोसेसरचा जादा वेग) बंद होतो आणि १०-१२ डिग्री सरळ उतरतात. खेळताना फरक मला तरी जाणवला नाही.

रॅम ८ जीबी पुरत नाही. डिस्कॉर्ड (टीमशी बोलायचं अ‍ॅप) आणि ब्राउझर उघडं असलं की साडेसात भरलेली. रॅमची एकच स्टिक असल्यामुळे सिंगल चॅनेलवर, म्हणजे एकाच वाटेने, हळू चालते ते वेगळंच, त्याच स्पीडची दुसरी ८ ची टाकली तेव्हा मधले बारीक झटके गेले. घेतानाच १६ चा घ्या.

लाईटचं पण लिहितो, कारण बाहेरच्या रिव्ह्यूत हे कुणी लिहीत नाही. पावसात लाईट येते-जाते, अर्धा सेकंद गेली तरी लॅपटॉप बॅटरीवर जातो आणि बॅटरीवर ग्राफिक्स कार्डला पूर्ण पॉवर मिळत नाही, एफपीएस निम्मा. इन्व्हर्टरवर आता चार्जर लावलाय. राउटर त्याच झटक्यात बंद होऊन परत चालू व्हायला दोन मिनिटं घेतो, रँकची मॅच गेलीच, त्याला लाईट गेली तरी चालू ठेवणारा १२ व्होल्टचा छोटा मिनी यूपीएस लावला (आपल्या अ‍ॅडॉप्टरवर व्होल्ट लिहिलेले असतात ते जुळवून घ्या).

आणि हो, पिंग खरंच उडत असेल तर कंपनीला शिव्या घालायच्या आधी आपल्या राउटरलाच पिंग मारून बघा, बऱ्याच जणांच्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असतो. १-२ मिलिसेकंद यायला हवा. वरच्या तापण्याच्या भानगडीच्या आधी माझ्या खोलीत ८०-९० यायचा, कारण राउटर पडवीत आणि मध्ये जांभ्याच्या दीड फुटी भिंती, ५ गिगाहर्ट्झचं वायफाय त्यातून येतच नाही. माळ्यावरून १५ मीटर कॅट ६ नेटची केबल ओढली, बाबांनीच खिळे मारून दिले, तेव्हापासून तो प्रश्न संपला.

अजून खटकतं ते पंख्याचा आवाज आणि डब्ल्यू-ए-एस-डी वाल्या (गेममध्ये चालायच्या) बटणांखालची ऊब, तासाभराने बोटांना लागते. यूएसबी पोर्टच्या कडेला पण गंजाचा ठिपका दिसायला लागलाय, म्हणून पावसात रोज अर्धा तास तरी चालू ठेवतो आणि बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाकल्यात. शेजारचं चिऱ्याचं काम अजून संपलेलं नाही, त्यामुळे ऑगस्टमध्ये परत उघडणार, गणपतीला मुंबईची भावंडं येतात आणि मग रात्रभर मशीनला उसंत नसते.