सेफारिया अ‍ॅप: उत्पत्तीचं पुस्तक ज्यू भाष्यकारांसोबत

सेफारिया म्हणजे ज्यू धर्मग्रंथ आणि त्यांवरची भाष्यं वाचायचं अ‍ॅप. वैशाखातलं जळगाव ज्यांनी सोसलंय त्यांनी हे अ‍ॅप बायबलच्या पहिल्या पुस्तकातल्या, म्हणजे उत्पत्ति १८:१ पासून उघडावं. भर उन्हात अब्राहाम तंबूच्या दारात बसलाय. ओळीवर बोट टेकवलं की भाष्यांची यादी समोर येते, त्यात राशी हा मध्ययुगीन फ्रान्समधला ज्यू भाष्यकार निवडायचा. राशी (१०४०–११०५) सांगतो: सुंतेचा तिसरा दिवस, देव समाचाराला आलेला. आजारी माणसाला पाहुण्यांचा त्रास नको म्हणून देवाने सूर्य म्यानातून बाहेर काढला. पण वाटेवर कुणीच दिसेना, त्याने अब्राहाम कष्टी झाला. तेव्हा देवाने माणसांच्या रूपात दूत धाडले. तिथूनच तालमूदकडे (ज्यू धर्मगुरूंच्या चर्चांचा प्राचीन ग्रंथ) वळा, त्यातला शब्बाथ हा भाग, पान १२७अ. अब्राहाम प्रत्यक्ष देवाला थांबायला सांगून पाहुण्यांकडे धावला, त्यावरून तिथे शिकवण काढली आहे की पाहुणचार हा देवाच्या स्वागताहूनही मोठा. एका ओळीतून एवढं हाती लागतं, आणि तेही फुकट.

मराठी मात्र नाही. मुख्यतः हिब्रू आणि इंग्रजीच, आणि काही भाष्यांना इंग्रजीही नाही. म्हणून मराठी बायबल शेजारी उघडं ठेवूनच वाचावं. नवापूर-नंदुरबारकडच्या बायबल वाचणाऱ्या मंडळींना हे सहज जमेल. सातपुड्याच्या पायथ्याशी रेंजचा भरवसा नसतो, त्यामुळे निघण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन ग्रंथ मोबाइलमध्ये उतरवून घ्या.

हमखास चूक होते ती ओळींच्या क्रमांकात. मराठी बायबलमधली ३१:५५ ही ओळ हिब्रूत ३२:१ आहे, म्हणून ३२वा अध्याय एकेक ओळीने पुढे सरकतो. याकोबाची झुंज मराठीत ३२:२४ ला सुरू होते, अ‍ॅपमध्ये ती ३२:२५ ला शोधा. नाहीतर भलत्याच ओळीचं भाष्य वाचत बसाल.

दुसरी अडचण टिपणं काढताना येते. २२:२ मध्ये देव अब्राहामाला मुलाचा बळी द्यायला सांगतो, त्यावर राशी दोघांचा संवाद देतो; अवतरणातलं बोलणं देवाचं, उरलेलं अब्राहामाचं. ‘तुझा मुलगा.’ मला दोन आहेत. ‘तुझा एकुलता.’ दोघेही आपापल्या आईचे एकुलते. ‘ज्याच्यावर तुझी माया आहे तो.’ माया दोघांवर आहे. ‘इसहाक.’ मूळ हिब्रूत प्रत्येक वेळी नुसतं ‘त्याला म्हणाला’. तेव्हा मराठीत उतरवताना दर वाक्याआधी बोलणाऱ्याचं नाव लिहा, नाहीतर देवाचं बोलणं अब्राहामाच्या तोंडी जातं. याच ओळीवर राशीचं आणखी एक बारीक निरीक्षण आहे: देवाने ‘काप’ म्हटलेलंच नाही, ‘वर ने’ म्हटलंय.

राशीवरच थांबू नका. १२:१० वर रामबान (नाहमानिदेस) हा दुसरा मध्ययुगीन ज्यू भाष्यकार उघडा. दुष्काळात मिसरला जाऊन साराला धोक्यात घातलं, यात अब्राहामाच्या हातून नकळत मोठं पाप घडलं, असं तो सरळ लिहितो. कुलपित्याबद्दलचा आदर जराही कमी न करता त्याची चूक दाखवणं, हा या परंपरेचा फार मोलाचा गुण आहे.

‘मिद्राश’ (बायबलच्या ओळींवरच्या जुन्या ज्यू कथा आणि स्पष्टीकरणं) या गटातलं वाचताना ते मूळ पुस्तकात आहे का, हे दरवेळी पडताळा. अब्राहामाने बापाच्या मूर्ती फोडल्याची प्रसिद्ध गोष्ट उत्पत्तीत कुठेच नाही. ती बेरेशीत रब्बा या उत्पत्तीवरच्या मिद्राशातली, ३८:१३ मधली. अभ्यासवर्गात सांगायची असेल तर हा क्रमांकही सोबत सांगा.