टीपीएमएसचा पिवळा दिवा, आठ महिन्यांचा अनुभव

सेकंडहँड गाडी घेतली तेव्हा टीपीएमएस (टायरमधल्या हवेवर लक्ष ठेवणारी सिस्टीम) म्हणजे फुकटचं फीचर वाटलेलं, चाकातली हवा स्क्रीनवर दिसते एवढंच. हवा कमी झाली की डॅशबोर्डवर पेटणाऱ्या तिच्या पिवळ्या दिव्याने नंतर चांगलंच फिरवलं.

पहिल्यांदा डिसेंबरात. सकाळी साताऱ्यातनं पुण्याला निघालो की दिवा लागायचा आणि खंबाटकीचा बोगदा येईपर्यंत आपोआप गायब. मला वाटलं सेन्सर गेला. चूक माझीच होती, मी हवा भरायचो भर दुपारी, गाडी पळवून आल्यावर. तापमान साडेपाच डिग्री उतरलं की हवेचा दाब साधारण १ पीएसआय (दाबाचं माप) उतरतो, म्हणजे दुपारी ३२ डिग्री आणि पहाटे १४ असेल तर ३ पीएसआय गेलेच, वर पळून तापलेल्या टायरचे वेगळे. आता गार टायरमध्येच दारावरच्या स्टिकरप्रमाणे ३३ भरतो.

खरी गंमत दुसऱ्यांदा. मागच्या डाव्या चाकाचं पंक्चर काढलं आणि त्याच संध्याकाळी दिवा परत, मी तीनदा हवा चेक करून आलो, हवा बरोबर! शेवटी पार्किंगमध्ये बसून नीट बघितलं तर चावी फिरवली की दिवा आधी लुकलुकत होता, मोबाईलवर मोजलं, ७० सेकंद, मग पेटून राहिला. मॅन्युअलात लिहिलेलं होतं की राव, सरळ पेटला तर हवा कमी, आधी मिनिटभर लुकलुकून पेटला तर सिस्टीममध्येच बिघाड.

सर्व्हिसवाले म्हणे बॅटऱ्या संपल्या, चारही सेन्सर बदला. बॅटरी आत सीलबंद असते, बदलता येत नाही हे खरंय, पण ती पाच ते दहा वर्षं चालते आणि गाडी तीन वर्षांची. मग एमआयडीसीतल्या एका टायरवाल्या मामांकडे गेलो. त्यांच्याकडे हातात धरायचा स्कॅनर आहे, व्हॉल्व्हजवळ धरला की सेन्सर जागा होऊन आयडी (स्वतःचा नंबर), प्रेशर सांगतो. तीन बोलले, मागचा डावा गप्प. टायर उतरवला तर सेन्सरचं काळं डबडं व्हॉल्व्हपासून तुटून आत खुळखुळत होतं, टायर काढताना मशिनचा दाब नेमका व्हॉल्व्हशेजारी बसलेला. पंक्चरवाल्याला तरी काय बोलणार, आत सेन्सर आहे हे मी सांगितलंच नव्हतं. नवा एकच टाकला, ४३३ मेगाहर्ट्झवर सिग्नल पाठवणारा. ऑनलाइन ३१५ वाले पण दिसतात, ते अमेरिकेतल्या गाड्यांचे, स्वस्त दिसले म्हणून मागवू नका.

तक्रारी आहेतच. हवा भरली तरी आकडा लगेच बदलत नाही, उभ्या गाडीत सेन्सर झोपलेला असतो, पोवई नाक्यापर्यंत चक्कर मारावी लागते. मागच्या महिन्यात चाकं पुढची मागे केली आणि कुठला आयडी कुठल्या चाकात ते गाडीला नव्याने शिकवायचं राहिलं, तर स्क्रीन पुढचं उजवं कमी दाखवतेय आणि मी त्याच चाकात खिळा शोधतोय, हवा चाललेली मागच्यातनं! मेव्हण्याच्या गाडीत चाकात सेन्सरच नाहीत, ब्रेकच्या एबीएस सिस्टीमवरनं चाकाच्या फिरण्याचा हिशोब लावते, त्याला आयडीची भानगड नाही पण हवा भरली की रिसेट मारायला लागतं आणि चारही चाकं सारखीच उतरली तर तिला पत्ता नसतो.

मागच्या उजव्याला साबणाचं पाणी लावलं तर बुडबुडे व्हॉल्व्हच्या बुडाशी. मी हौसेने लावलेली पितळी टोपी पांढरी पावडर धरून घट्ट बसलीय, पकडीने पण फिरत नाही. रविवारी परत मामांकडे.